नावाचा सातबारा: छोट्या धंद्यानं ट्रेडमार्क कधी करावा आणि का

आज मी पुण्यातून नाही, वडूजमधून बोलतोय. सुट्टीला आलोय, त्यामुळं मागं अधूनमधून एसटीचा हॉर्न ऐकू येईल, तेवढं सांभाळून घ्या. जे हा भाग वाचतायत त्यांची त्यातून सुटका आहे.

विषय तुम्हीच दिलाय. गेल्या काही आठवड्यांत मेसेजमध्ये फिरून फिरून एकच प्रश्न येतोय. "दादा, घरचा मसाला विकतोय, इन्स्टावर पेज आहे, फूड लायसन्स काढलं, उद्यम काढलं, जीएसटी पण झालं. आता नाव आपलं झालं ना?"

नाही झालं.

म्हणजे बघा, फूड लायसन्स एवढंच सांगतं की तुम्हाला खाण्याचा पदार्थ करून विकायची परवानगी आहे. उद्यमचं सर्टिफिकेट सांगतं की तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु आहे. शॉप ॲक्ट दुकानाचा, जीएसटी कराचा. यातला एकही कागद हे बघत नाही की हेच नाव दहिवडीत, विट्यात किंवा बारामतीत दुसऱ्या कुणाचं आहे का. उद्या दहिवडीचा एखादा गडी त्याच नावानं उद्यम काढेल आणि त्यालाही ते मिळेल. डोमेन विकत घेतलं म्हणजे नाव आपलं, हा पण गैरसमजच. माझ्या फिल्डमधली पोरं यात सगळ्यात पुढं असतात. डॉट कॉम मिळालं की पार्टी! डोमेन हा पत्ता आहे. पत्ता म्हणजे मालकी नव्हे.

नावाची मालकी सांगणारा कागद एकच, ट्रेडमार्कची नोंदणी. कायदा १९९९ चा, लागू झाला २००३ मध्ये. आपल्या गावाकडच्या भाषेत सांगायचं तर ट्रेडमार्क म्हणजे नावाचा सातबारा. आता सातबारा म्हटलं की दुसरा शब्द आपोआप येतो, वहिवाट. ट्रेडमार्कच्या कायद्यात पण वहिवाट आहे, आणि चांगली दणकट आहे. तुम्ही नोंदणी केली नसेल, पण ते नाव तुम्ही आधीपासून, सलग, धंद्यात वापरत असाल, तर नंतर आलेला नोंदणीवाला तुम्हाला सहजासहजी उठवू शकत नाही. कलम ३४ तेच सांगतं. आणि नोंदणी नसतानाही तुमच्या नावाचा माल म्हणून कुणी स्वतःचा माल खपवत असेल तर त्याच्यावर दावा लावता येतो. वकील मंडळी त्याला पासिंग ऑफ म्हणतात.

मग वहिवाट एवढी दणकट असेल तर सातबारा कशाला काढायचा? याचं उत्तर पुण्याच्या बर्गर किंगच्या केसमध्ये आहे. ही केस अनेकांना फक्त मीममधून माहीत आहे, म्हणून जरा नीट सांगतो.

पुण्यात कॅम्प आणि कोरेगाव पार्क या भागात बर्गर किंग नावाचं एका इराणी कुटुंबाचं हॉटेल, १९९२ च्या सुमारापासूनचं. अमेरिकेतली बर्गर किंग कंपनी १९५४ ची, पण भारतात तिनं पहिलं दुकान उघडलं २०१४ ला. नावाची नोंदणी मात्र तिनं भारतात खूप आधीच करून ठेवली होती. २०११ मध्ये कंपनीनं पुण्यात दावा लावला, की आमचं नाव वापरू नका आणि नुकसानभरपाई म्हणून २० लाख द्या. निकाल लागला १६ ऑगस्ट २०२४ ला. पुण्याच्या जिल्हा न्यायालयानं कंपनीचा दावा फेटाळला. कारण काय, तर कंपनी इथं येऊन दुकान थाटायच्या कितीतरी आधीपासून पुण्याचं हॉटेल ते नाव वापरत होतं.

सगळीकडं बातमी झाली, पुणेकरांनी अमेरिकन कंपनीला हरवलं. स्टेटस लागले. पण गोष्ट तिथं संपली नाही आणि पुढचं स्टेटसवर आलं नाही. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात अपिलात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या हॉटेलला ते नाव वापरायला मनाई केली. मग हॉटेलवाले सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये तिथं त्या मनाईला स्थगिती मिळाली.

आता हिशोब करा. २०११ ते २०२५. एका हॉटेलचं नाव चौदा वर्षं कोर्टात. आणखी एक गोष्ट, हॉटेलवाल्यांनी पण उलट नुकसानभरपाई मागितली होती, की या केसपायी आम्हाला त्रास झाला. जिल्हा न्यायालयानं ती दिली नाही, पुरावा नाही म्हणून. म्हणजे जिंकूनही हातात काय आलं, तर तेच नाव जे आधीपासून होतं.

वहिवाट कोर्टात सिद्ध करावी लागते. जुनी बिलं, जुन्या जाहिराती, जुनं मेनू कार्ड, बँकेची स्टेटमेंटं, साक्षीदार. वडूजमध्ये पंधरा वर्षं भेळ विकणाऱ्याकडं पंधरा वर्षांपूर्वीचं बिल असणार आहे का? बहुतेकांकडं गेल्या दिवाळीचं पण नसतं. नोंदणीचं सर्टिफिकेट असलं की कोर्ट सुरुवातच तुम्हाला मालक धरून करतं. ते शेवटचं सत्य नाही, सातबारा तरी कुठं असतो? पण खोटं ठरवायचं ओझं समोरच्यावर जातं.

दुसरा फायदा कुणी सांगत नाही, आणि मला तर तालुक्याच्या गावासाठी तोच सगळ्यात मोठा वाटतो. कलम १३४. नोंदणी असलेल्या नावाची कुणी नक्कल केली, तर तुम्ही जिथं राहता किंवा जिथं तुमचा धंदा आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकता. समजा सुरतच्या कुणीतरी तुमचं नाव छापून मसाला विकायला काढला. नोंदणी असेल तर तुम्ही साताऱ्यात दावा लावायचा आणि त्यानं सुरतेहून साताऱ्याला यायचं. नोंदणी नसेल, नुसत्या पासिंग ऑफवर गेलात, तर ही सवलत नाही. मग तो जिथं आहे किंवा जिथं तो माल विकला गेला तिथं जायचं. मसाल्यातून महिन्याला पंधरा-वीस हजार सुटणारा माणूस सुरतेला तारखा करणार आहे का? तो नाव बदलून मोकळा होणार. बहुतेक वेळा होतंही तसंच, आणि त्याची बातमी होत नाही.

आता "कधी करावा" याकडं येतो. इथं माझं मत थोडं वेगळं आहे, कारण नेटवर सगळीकडं "आजच करा, उद्या उशीर होईल" असं ओरडणारे व्हिडिओ आहेत आणि त्यातले निम्मे एजंटांचेच आहेत.

तुमची एक चहाची टपरी आहे, गिऱ्हाईक तुमच्या तोंडाकडं बघून येतं, नाव काय आहे हे त्यालाही आठवत नाही. ट्रेडमार्कची घाई नाही. ते पैसे दुधावर घाला. दोन महिन्यांपूर्वी पेज काढलं, अजून लोणचं विकायचं की चटणी हे ठरलं नाही. थांबा. पण माल तालुक्याच्या बाहेर जायला लागला, कुरिअरनं पुण्या-मुंबईला जायला लागला, तर थांबू नका. पाकिटं छापायला टाकणार असाल तर त्याच्या आधी. कुणी "मला तुमची शाखा द्या" म्हणत असेल तर त्याला होकार द्यायच्या आधी. कारण तुमच्या नावावर नसलेलं नाव तुम्ही त्याला भाड्यानं देणार कसं? आणि ऑनलाइन बाजारात विकायचं असेल तर मोठे प्लॅटफॉर्म ब्रँड म्हणून नोंद करताना ट्रेडमार्कचा नंबर मागतात. सोशल मीडियावर डुप्लिकेट पेजची तक्रार करताना पण तो नंबर असला की गाडी लवकर हलते.

मात्र एक काम टपरीवाल्यानंही पहिल्या दिवशी करावं. शोध. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर कुणीही फुकट शोधू शकतं. नाव टाका आणि तेवढ्यावर थांबू नका, उच्चारावरून शोधायचा पर्याय आहे तो पण वापरा. देवनागरीत लिहा की रोमनमध्ये, स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवा, उच्चार सारखा असला की हरकत येऊ शकते. दहा हजार पाकिटं छापून झाल्यावर हे कळण्यापेक्षा दहा मिनिटं आधी कळलेलं बरं.

आपल्या कोडिंगवाल्या श्रोत्यांसाठी एक आडवळण. २०१६ चं लेफ्ट-पॅड प्रकरण आठवतंय? जावास्क्रिप्टची हजारो प्रोजेक्ट्स एका दिवसात बिल्ड व्हायची थांबली होती, अकरा ओळींच्या एका पॅकेजपायी. त्याची सुरुवात नावाच्या भांडणातून झाली होती. एका डेव्हलपरचं किक नावाचं पॅकेज, आणि त्याच नावाची मेसेजिंग कंपनी ट्रेडमार्क घेऊन दारात. पॅकेज मॅनेजरवाल्यांनी नाव कंपनीला दिलं, त्या गड्यानं रागानं आपली सगळी पॅकेजं काढून घेतली आणि लेफ्ट-पॅड त्यातलंच एक. तर ॲप काढणाऱ्यांनो, तुम्ही पण यातून सुटलेला नाही.

नाव कसं असावं? इथं आपल्याकडची मंडळी हमखास अडकतात. "गावरान", "घरगुती", "शुद्ध", "सातारी". सांगायला छान, पण हे शब्द मालाचं वर्णन करतात किंवा गाव सांगतात, आणि असे शब्द कायदा एकट्याच्या मालकीचे करून देत नाही. "सातारी कंदी पेढा" हे नाव साताऱ्यातल्या सगळ्या पेढेवाल्यांचं आहे. तुम्ही "वडूज मसाले" असा अर्ज केला तर रजिस्ट्री हरकत घेणार हे धरून चाला. मालाशी संबंध नसलेला किंवा तुम्ही स्वतः घडवलेला शब्द सगळ्यात भक्कम. लोकांना पहिले सहा महिने तो कळत नाही, हे खरं. नंतर मात्र तो फक्त तुमचा असतो.

आणखी एक, आपल्या जिल्ह्यात हे सांगायलाच पाहिजे. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या कायद्यातल्या यादीत आहे. धंद्यासाठी ते केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही आणि त्याचा ट्रेडमार्क होत नाही. भक्ती मनात ठेवा, पाकिटावर दुसरं नाव टाका.

खर्च आणि प्रक्रिया पटकन सांगतो. जगभरातल्या वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग केलेत, १ ते ३४ वस्तू, ३५ ते ४५ सेवा. मसाला, चहा, पापड, गूळ, मिठाई ३० मध्ये. तेल, दूध, तूप २९ मध्ये. हॉटेल आणि खानावळ ४३, कपडे-चपला २५, ॲप ९, सॉफ्टवेअरची सेवा ४२. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये, जर अर्ज व्यक्तीच्या नावानं असेल किंवा उद्यमवाल्या लघुउद्योगाच्या किंवा स्टार्टअपच्या नावानं असेल. बाकीच्यांना ९,०००. म्हणजे उद्यमचा कागद इथं कामाला आला. "फक्त ९९९ मध्ये ट्रेडमार्क" अशी जाहिरात दिसली तर समजा की सरकारी फी त्यात नाही.

अर्ज झाल्यावर तपासणी होते आणि बहुतेक वेळा हरकतीचं पत्र येतं. घाबरायचं नाही, पण एक महिन्यात उत्तर द्यायचं. नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. अर्ज अडकायची खरी जागा ही आहे. पत्र ईमेलवर येतं आणि अर्जात ईमेल असतो एजंटचा, तालुक्याच्या सायबर कॅफेवाल्याचा किंवा भाच्याचा, जो आता दुबईला आहे. अर्जात तुमचाच ईमेल आणि तुमचाच मोबाईल नंबर आहे ना, हे स्वतः डोळ्यानं बघा. पत्राचं निभावलं की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापलं जातं, पुढं चार महिने कुणालाही विरोध करता येतो. कुणी केला नाही तर नोंदणी. ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांची, मग दर दहा वर्षांनी नूतनीकरण. अर्ज केला की नावापुढं टीएम लिहा, ते तसं आधीही लिहिता येतं. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्याशिवाय छापायचा नाही, त्याला दंडाची तरतूद आहे. आणि नुसतं नाव घेऊन पाच वर्षं वापरलंच नाही तर कुणीही ते काढून टाकायची मागणी करू शकतं. पडीक ठेवायला मिळत नाही.

शब्दाचा अर्ज करायचा की लोगोचा? पैसे एकाचेच असतील तर शब्दाचा. लोगो तुम्ही तीन वर्षांत बदलणार, मला खात्री आहे.

आता मला ज्या मुद्द्यावर जास्त बोलायचं होतं तो. अर्ज कुणाच्या नावानं? आपल्याकडं धंदा म्हणजे घर. दुकान आबांनी टाकलं, चालवतो थोरला, ऑनलाइनचं बघतो धाकटा, आणि रेसिपी आईची. आज सगळं गोडीगुलाबीनं चाललंय. वाटणीच्या दिवशी जमीन मोजता येते, दुकानाचा गाळा मोजता येतो, नावाचं काय करणार?

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. इथून जवळच औंध. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगरापासून सुरू झालेलं ते नाव पुढं एवढं मोठं झालं की त्याची राखण करायला वेगळी कंपनी आहे, किर्लोस्कर प्रोप्रायटरी लिमिटेड. ट्रेडमार्क तिच्याकडं आणि समूहातल्या बाकीच्या कंपन्या करार करून ते नाव वापरतात. नव्वदच्या दशकात काही बाहेरच्या कंपन्यांनी आपल्या नावात किर्लोस्कर घातलं, तेव्हा भांडण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १९९५ मध्ये निकाल लागला की हे आता नुसतं आडनाव राहिलेलं नाही, लोक ते एका उद्योगसमूहाचं नाव म्हणून ओळखतात, आणि त्या कंपन्यांना ते वापरायला मनाई झाली. एवढी व्यवस्था असूनही अलीकडं त्याच घराण्यातल्या कंपन्यांमध्ये नावाच्या वापरावरून कोर्टबाजी झालीच. व्यवस्थाच नसेल तिथं काय होत असेल?

किर्लोस्करवाडी आहे त्याच पलूस तालुक्यात भिलवडी. तिथं १९३९ मध्ये भा. ग. चितळ्यांनी दुधाचा धंदा सुरू केला आणि १९५० मध्ये पुण्यात चितळे बंधूंचं दुकान निघालं. एप्रिल २०२५ मध्ये चितळे बंधूंनी पुण्यात पोलिसांकडं तक्रार दिली, की चितळे हेच आडनाव लावणाऱ्या दुसऱ्या एका दुकानाच्या बाकरवडीच्या पाकिटावर आमच्या कंपनीचे तपशील छापलेत. गिऱ्हाइकांनी चव बदलल्याची तक्रार केली, तेव्हा हे लक्षात आलं म्हणे. खरंखोटं कोर्टात ठरेल. आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. स्वतःचं आडनाव प्रामाणिकपणे धंद्याला लावायला कायदा कुणालाच अडवत नाही, कलम ३५. म्हणजे नुसत्या आडनावावर ब्रँड उभा केलात तर त्याच आडनावाचा पुढचा माणूस कधीही दुकान टाकू शकतो. चितळ्यांनी पंचाहत्तर वर्षांत त्या आडनावाला जे वजन मिळवून दिलं ते तुमच्या-माझ्याकडं पहिल्या दिवशी नसतं.

म्हणून घरात बसून आधी ठरवा. भागीदारी असेल तर फर्मच्या नावानं अर्ज, आणि भागीदारीच्या करारात एक ओळ, की फुटलो तर नाव कुणाकडं जाणार. ट्रेडमार्क विकता येतो, लिहून देता येतो, वारसाला जातो. बहिणीला त्यात हिस्सा आहे का, हा प्रश्न ऐकून आत्ताच काहीजणांनी भुवया वर केल्या असतील. रेसिपी आईची आणि हात बहिणीचे असतील तर अर्जात फक्त दादाचं नाव का, हे एकदा विचारून बघा घरात.

शेवटी एका श्रोत्याचा प्रश्न घेतो. तो तमिळनाडूत गलाईच्या धंद्यात आहे. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो, खटाव, खानापूर, आटपाडी या भागातली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत. तो विचारतो, "दुकान तिकडं, घर इकडं, अर्ज कुठं करायचा आणि चालणार कुठं?" भावा, नोंदणी एकदा झाली की ती सगळ्या भारतात चालते. अर्ज धंद्याची मुख्य जागा जिथं आहे त्या भागाच्या कार्यालयात लागतो, म्हणजे दुकान फक्त तमिळनाडूत असेल तर चेन्नईला, महाराष्ट्रात असेल तर मुंबईला. ऑनलाइनच आहे, जायची गरज नाही. गाळून देण्याची सेवा ४० व्या वर्गात येते. दागिने पण विकत असशील तर १४ वेगळा आणि त्याची फी वेगळी. आणि तुझ्या आजोबांच्या वेळेपासूनचं नाव आहे म्हणालास, तर अर्जात "वापरणार आहे" असं लिहू नकोस. "अमुक तारखेपासून वापरतोय" असं लिही, त्यासोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. जुन्या वह्या, पावत्या, दुकानाच्या पाटीचा जुना फोटो, जे असेल ते माळ्यावरून काढ. गावी येशील तेव्हा ट्रंक उघड, त्यात काहीतरी सापडेलच.

पुढच्या भागात जीआय टॅग. कोल्हापुरी चप्पलच्या जीआयमध्ये आपला सातारा आणि सांगली पण आहेत हे किती जणांना माहीत आहे? त्यावर बोलू. प्रश्न व्हॉइस नोटनं पाठवा, पण दीड मिनिटाच्या आत, प्लीज. चला, भेटू.